साइटवरच्या मालाचा हिशेब: आधी गेट, मग अ‍ॅप

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एक साइट अनगोळला, दुसरी खानापुरात, तिसरी निपाणीला. महिनाअखेरीला तिन्हीकडे सिमेंट आणि सळईचा मेळ बसत नाही. वह्या आहेत, पण वेळेवर लिहिल्या जात नाहीत. भागीदाराचं म्हणणं, महिन्याचे पैसे भरून एखादं अ‍ॅप घेऊन टाकू. तर कुठलं घ्यावं?

मी बेळगाव, खानापूर आणि चिकोडी भागात सव्वीस वर्षं बांधकामं करतोय. पहिली पंधरा वर्षं हिशेब लाल बांधणीच्या वहीत होता, पुढची अकरा मोबाइलवर. माझं उत्तर असं की अजून दोन महिने कुठलंच अ‍ॅप घेऊ नका. तुमचा हिशेब बिघडतो तो गेटवर, माल उतरतो त्या दहा मिनिटांत. ती दहा मिनिटं आधी धरा. त्यासाठी फुकटातलं गुगल शीट आणि फॉर्म पुरेसं आहे.

आधी तिन्ही वह्या शेजारी उघडून बसा. एकीत 'वाळू' लिहिलेलं असेल, दुसरीत 'रेती', आणि बागलकोट-विजयपूरकडचा मुकादम असेल तिथे 'उसुक'. वीट कुठे 'वीट', कुठे 'इट्टंगी'. माल एकच, पण शीटमध्ये तो तीन ओळींत जातो आणि बेरीज कधीच खरी येत नाही. म्हणून सगळ्यात आधी मालाची एकच यादी करा आणि प्रत्येक मालाला एक क्रमांक द्या. फॉर्ममध्ये नाव टाइप करायला जागाच ठेवू नका, यादीतून निवडायला लावा. नाव मराठी आणि कन्नड दोन्ही लिपींत लिहा आणि शेजारी मालाचा फोटो लावा. आपल्याकडे वॉचमन कन्नड बोलणारा, गवंडी मराठी आणि टाइल्सवाला उत्तरेकडचा, असं नेहमीच असतं. फोटो तिघांनाही कळतो.

नावानंतर माप. यात मी स्वतः फसलो आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ट्रॅक्टरवाला ट्रॉलीत बोलतो, मुकादम ब्रासमध्ये, आणि क्रशरवाल्याचं एम-सँडचं (दगड फोडून केलेल्या वाळूचं) बिल टनात येतं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. एम-सँडचा एक ब्रास साधारण साडेचार टन भरतो, २० एमएम खडीचा सव्वाचार टनांच्या आसपास. वडगावच्या एका कामावर माझ्या शीटमध्ये जुने ६ ब्रास होते, आणि त्याच रकान्यात कुणीतरी नव्या गाडीचे १८ टन घातले. शीट २४ दाखवू लागली. मी ते ब्रास समजून वाळू मागवली नाही. प्रत्यक्षात साइटवर १० ब्रासच माल होता. स्लॅब दुपारी दीडला अडकला, पुढची गाडी यायला संध्याकाळ झाली, आणि त्या स्लॅबमध्ये नको तिथे जोड पडला. त्या दिवसापासून माझ्या फॉर्ममध्ये एकक कुणाला निवडताच येत नाही. माल निवडला की एकक आपोआप ठरतं. टनात आलेल्या मालाचं ब्रासमध्ये रूपांतर शीट करते, माणूस नाही. हा साडेचारचा आकडाही डोळे झाकून घेऊ नका. तुमच्या क्रशरचा माल एका ठरावीक मापाच्या पेटीत भरा, वजन करा आणि तुमचा आकडा काढा.

वाळू वजनावर घ्यावी की मापावर, हा वाद आपल्याकडे कायमचा आहे. दोन्हीत पाणी आड येतं. धुतलेला एम-सँड ओलाच येतो. आठ टक्के ओलावा असलेल्या १८ टनांच्या गाडीत सव्वा टनाहून जास्त नुसतं पाणी असतं, आणि त्याचे पैसे तुम्ही वाळूच्या भावाने देता. मापाने घेतली तर उलटा प्रकार होतो. पाच-सहा टक्के ओल असताना बारीक वाळू फुगते, पाव पटीपर्यंत किंवा त्याहूनही जास्त. याची तपासणी गेटवर पाच मिनिटांत होते. काचेच्या सरळ बरणीत २० सेंटिमीटर वाळू भरा, वर पाणी ओता, हलवा, बसू द्या. पातळी १६ वर आली तर वाळू २५ टक्के फुगलेली आहे. बरणीचा एक फोटो नोंदीला जोडा. पुरवठादाराशी बोलताना तो फोटो समोर ठेवला की आवाज चढवावा लागत नाही.

आता गेटवरची नोंद. फॉर्म छोटा ठेवा: साइट, माल, किती, गाडी नंबर, चलनाचा (मालासोबत येणाऱ्या पावतीचा) फोटो, उतरलेल्या मालाचा फोटो, आणि सिमेंट असेल तर पोत्यावर छापलेला भरल्याचा आठवडा. एवढंच. तारीख आणि वेळ फॉर्म स्वतः टाकतो. फॉर्मचा क्यूआर कोड छापून, लॅमिनेट करून गेटवर लावा. दुवा शोधत बसायला लागलं तर वॉचमन दुसऱ्याच दिवशी फॉर्म भरणं सोडतो. फोटो जोडायचा असेल तर त्या मोबाइलवर गुगल खातं लागतं, ते आधी उघडून द्या.

'आम्ही सगळं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो,' असं बरेच जण सांगतात. ग्रुप निरोपाला चांगला आहे, हिशेबाला नाही. तिथे पाठवलेल्या फोटोतली मूळ वेळ आणि ठिकाणाची माहिती निघून जाते. कालचा फोटो आज पाठवला तरी कळत नाही. शिवाय ग्रुपमधल्या आकड्यांची बेरीज कुणी करत नाही. ग्रुपच वापरायचा असेल तर निदान फोटोवरच तारीख-वेळ छापणारा कॅमेरा वापरा आणि रोज संध्याकाळी एकाच माणसाने ते आकडे शीटमध्ये चढवावेत.

खानापूरची तुमची साइट शहरात आहे की जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्या बाजूला असेल तर रेंजचा विचार आधी करा. गुगल फॉर्म इंटरनेटशिवाय चालत नाही. शीटचं अ‍ॅप ऑफलाइन चालतं, पण ते वॉचमनला झेपत नाही. अशा ठिकाणी मी अजूनही कार्बनचं चलनबुक ठेवतो. क्रमांक छापलेलं, तीन प्रतींचं. एक प्रत गाडीवाल्याला, एक साइटवर, एक ऑफिसला. सुपरवायझर संध्याकाळी रेंजमध्ये आला की चढवतो. चलनबुकाचा क्रमांक शीटमध्ये घालायचा, मग मधलं एखादं चलन गळलं तर लगेच दिसतं. कागद वापरला म्हणून कमीपणा वाटून घेऊ नका.

निपाणीच्या साइटला आणखी एक गोष्ट लागते, ती सीमेची. कोल्हापूरच्या दुकानदाराचा माल तिथे बेळगावपेक्षा जवळ पडतो, आणि तो घ्यावाच. पण राज्य ओलांडून आलेल्या मालाच्या बिलावर आयजीएसटी (राज्यांमधल्या व्यवहाराचा जीएसटी) लागतो, बेळगावच्या बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा वाटा). दर तोच, रकाने वेगळे. पन्नास हजारांवरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना, लागतं, आणि त्यावर गाडीचा नंबर असतो. तो नंबर आणि गेटवरच्या फोटोतला नंबर जुळतो का, हे बघायची सवय लावा. बिल एमएच-०९ च्या (कोल्हापूरच्या) गाडीचं आणि उतरताना फोटोत केए-२३ (चिकोडीची), असं दिसलं तर आधी फोन करा, मग माल उतरवा. कधी वाटेत गाडी बदललेली असते आणि ते प्रामाणिक असतं, पण मग ई-वे बिलातही बदल झालेला हवा.

दर नेहमी कर सोडून लिहा, कराचा रकाना वेगळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. ज्यांनी शीटमध्ये करासहित एकच दर लिहिला होता, त्यांना त्या महिन्यात दुकानदाराने मूळ भाव वाढवला की उतरवला, हे कळायला मार्गच उरला नाही.

सळईकडे येऊ. सळई वजनावर घ्या, पण मोजा नगावरही. दोन्ही आकडे शीटमध्ये हवेत. एका मीटरचं वजन किलोत काढायला मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२. ८ एमएमला ०.३९५ किलो, १० ला ०.६१७, १२ ला ०.८८८, १६ ला १.५८. समजा ८ एमएमच्या १२ मीटर लांबीच्या १०० सळ्या आल्या, तर वजन ४७४ किलो यायला हवं. आयएस १७८६ या सळईच्या भारतीय मानकाप्रमाणे १० एमएमपर्यंत ७ टक्के, त्यावर १६ पर्यंत ५ टक्के आणि त्याच्या पुढे ३ टक्के कमी-जास्त चालतं. म्हणजे ४४१ किलोच्या खाली वजन आलं तर माल परत. वजनावर पैसे दिले म्हणजे फसवणूक होत नाही, असा समज आहे. तसं नाही. फिटर, म्हणजे सळई कापून बांधणारा, सळ्या बांधतो त्या नगावर आणि अंतरावर. सळई बारीक असली तर तुमचे पैसे वाचल्यासारखे दिसतात आणि स्लॅबमध्ये पोलाद कमी जातं. हे मला पैशापेक्षा जास्त खटकतं, कारण त्या स्लॅबखाली कुणाचं तरी कुटुंब राहणार असतं. काट्याची पावती भरल्या आणि रिकाम्या गाडीची, दोन्ही त्याच दिवशीच्या घ्या. आणि काटा तुम्ही ठरवा, गाडीवाल्याने नाही.

कापणीचं नियोजन शीटमध्ये केलं तर सळईत खरी बचत होते. ४.२ मीटरचे तुकडे हवे असतील तर १२ मीटरच्या सळईतून दोन निघतात आणि ३.६ मीटर उरतं, म्हणजे ३० टक्के. त्याच कामात ३.५ मीटरचा तुकडा लागणार असेल आणि फिटरला ते आधी माहीत असेल, तर उरतं फक्त १० सेंटिमीटर. माहीत नसेल तर तो नवी सळई कापतो. त्याची चूक नाही, त्याला यादी कुणी दिली नाही. प्रत्येक स्लॅबची सळईची यादी त्याच्या मोबाइलवर आदल्या दिवशी जाऊ द्या, आणि उरलेले मीटरभरापेक्षा लांब तुकडे 'तुकडे' म्हणून वेगळ्या मालात जमा करा. भंगार म्हणून नव्हे.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, जो बहुतेक ठिकाणी होतच नाही. आवक आणि जावक लिहिली म्हणजे हिशेब झाला, असं आपण धरतो. पण स्टोअरमधून ९० पोती गेली हे कळून काय उपयोग, जर ती किती जायला हवी होती हे माहीत नसेल? १,००० चौरस फुटांचा, पाच इंची स्लॅब धरा. बीम सोडून काँक्रीट भरतं ११.८ घनमीटर. १:१.५:३ च्या (सिमेंट, वाळू, खडी) मालाला घनमीटरला ८ पोती, म्हणजे ९४. मिक्स डिझाइन, म्हणजे प्रयोगशाळेत ठरवलेलं प्रमाण, केलेलं असेल तर आकडा त्या कागदावरून घ्या, तो वेगळा येईल. हा 'लागायला हवं'चा रकाना शीटमध्ये कामाच्या आदल्या दिवशीच भरलेला हवा. मग प्रत्यक्ष १०२ गेली की प्रश्न विचारता येतो. आणि दरवेळी उत्तर चोरी नसतं. स्लॅब अर्धा इंच जाड झाला तर साडेनऊ पोती जास्त जातात. सेंट्रिंग (स्लॅबखालचा तात्पुरता साचा) मध्ये झोकलं असेल, किंवा जाडीचे ठोकळे लावले नसतील. सिमेंटचा आकडा इथे सेंट्रिंगमधली चूक दाखवतो. तीन टक्क्यांपर्यंतचा फरक मी सोडून देतो, पाचच्या वर गेला की टेप घेऊन स्वतः जातो.

वाळूतली घट बहुतेकदा जमिनीत असते. आपल्या तांबड्या मातीवर १२ बाय १२ फुटांत दोन ब्रासचा ढीग टाकला आणि खालचे तीन इंच मातीत मिसळले, तर ३६ घनफूट गेले. दोनशेतले ३६. खाली मुरूम दाबून पातळ काँक्रीटचा थर दिला की हे थांबतं, आणि तो थर दोन-तीन गाड्यांत वसूल होतो.

चोरीबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण तुमच्या प्रश्नात वॉचमनवर संशय असल्याचा सूर आहे. शहापूरच्या एका साइटवर माझी २२ पोती कमी आली. वॉचमन नवरा-बायको तिथेच खोलीत राहत. मी सगळ्यांसमोर त्याला विचारलं, आणि ज्या शब्दांत विचारलं ते आजही आठवतात. तो गप्प राहिला आणि चौथ्या दिवशी सामान बांधून गेला. पंधरा दिवसांनी दुसऱ्या साइटची मोजणी केली, तर तिथे २२ पोती जास्त. माझ्याच सुपरवायझरने घाईत टेंपोत घालून तिकडे नेली होती आणि कुठेच लिहिलं नव्हतं. मी त्या माणसाचं गाव शोधून काढलं, भेटलो, माफी मागितली. तो परत आला नाही. म्हणून तीन साइट असलेल्या प्रत्येकाला मी सांगतो, साइट-टू-साइट नेण्याची नोंद वेगळी ठेवा. एका साइटची जावक आणि दुसरीची आवक, दोन वेगळ्या माणसांनी, दोन्ही टोकांना भरलेली. दोन्ही भरल्याशिवाय शीटमध्ये ती ओळ लाल दिसू द्या. आणि लाल ओळी संपेपर्यंत कुणावर बोट दाखवू नका.

पावसाळ्याचंही आतापासून धरा. खानापूर भागात जुलैत हवाच ओली असते, सिमेंट नुसतं ठेवलं तरी बिघडतं. एका वर्षी माझ्या शीटमध्ये १४० पोती शिल्लक होती आणि मी निर्धास्त होतो. शेडमध्ये गेलो तर खालच्या थरातली पोती हाताला दगड लागली. मोजणी बरोबर होती, पण वयाचा रकाना नव्हता. आता पोत्यावरचा आठवडा नोंदतो, ४५ दिवस झाले की शीट पिवळी होते, ९० झाले की लाल. तीन महिन्यांवरचं सिमेंट तपासून घेतल्याशिवाय आरसीसीत (सळई घातलेल्या काँक्रीटमध्ये) घालत नाही. फळ्यांवर, भिंतीपासून दीड-दोन फूट लांब, दहा पोत्यांपेक्षा उंच थप्पी नाही, आणि जुनं आधी बाहेर निघेल अशी वाट. वाळू-खडी मे महिन्यात भरून ठेवा, पावसात त्याची ओढाताण होते. सिमेंट मात्र पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतंच मागवा.

विटा आणि चिरे यांचं फार अवघड नाही. उतरल्यावर थप्पी मोजा, फुटलेल्या वेगळ्या लिहा, फोटो काढा. खिळे, बाइंडिंग वायर यांची रोजची नोंद ठेवायला जाऊ नका. महिन्याला ठरावीक रक्कम धरा. सगळं मोजायच्या नादात मोठ्या पाच मालांची नोंद ढिली पडते.

सेंट्रिंगच्या प्लेटा आणि जॅक वेगळे, कारण ते संपत नाहीत, हिंडतात. त्यांवर क्यूआरचे स्टिकर लावायचा उद्योग मी करून बघितला. तेल आणि काँक्रीटच्या पाण्याने दोन स्लॅबांत गेले. रंगाचा पट्टा आणि वेल्डिंगने उठवलेलं अक्षर टिकतं. भाड्याचं सामान असेल तर शीटमध्ये फक्त आल्याची तारीख, परत दिल्याची तारीख आणि संख्या. भाडं रोज चढतं, आणि पडून राहिलेल्या प्लेटांचं भाडं बऱ्याचदा हरवलेल्या प्लेटांपेक्षा जास्त होतं.

दोन महिने हे नीट चाललं की मग अ‍ॅपचा विचार करा. विकणाऱ्याला विचारा: रेंज नसताना नोंद होते का? मराठी आणि कन्नड दोन्हीत चालतं का? पैसे साइटवर की माणसांवर, कारण वॉचमन, सुपरवायझर, फिटर धरले की माणसं भराभर वाढतात. सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो का? आणि जुनी नोंद बदलली तर कुणी, कधी बदलली हे दिसतं का? शेवटच्या दोन प्रश्नांना 'हो' नसेल तर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. तुमचा टॅलीवाला ज्या स्वरूपात माल चढवतो, त्याच्याशी ते जुळतं का, हे त्याला शेजारी बसवून बघा.

सुरुवात मोजणीपासून करा. माझ्या साइटवर अमावास्येला काम बंद असतं, म्हणून महिन्याची मोजणी मी त्या दिवशी ठेवली आहे. माल हलत नाही, माणसं मोकळी असतात. येत्या अमावास्येला तिन्ही साइटवर एकाच सकाळी, प्रत्येकी दोन माणसं लावून मोजा. एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं. अनगोळचा सुपरवायझर निपाणीला पाठवा आणि निपाणीचा अनगोळला. जे आकडे येतील ते शीटची पहिली ओळ. जुन्या वहीशी ते जुळणार नाहीत. जुळवत बसू नका, जो फरक येईल तो एका वेगळ्या ओळीत तारीख घालून लिहा, भागीदाराची सही घ्या आणि पुढची गाडी नव्या फॉर्मवर उतरवा.